गुण २८, एमसीव्ही ६४

ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आपण कसा वाचतो? शुगर बघायची, कोलेस्टेरॉल बघायचं, हुश्श करायचं आणि मेल बंद! पाच वर्षं मीही तेच केलं. हिमोग्लोबिन दरवेळी १०.८ च्या आसपास. 'मुलींचं असतंच कमी' म्हणत कुणीतरी लोहाच्या गोळ्या लिहून द्यायचं. मी त्या इमानेइतबारे घ्यायचे, वर आईने पाठवलेले अळिवाचे लाडूही खायचे. आकडा मात्र ढिम्म हलायचा नाही.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी एका नव्या डॉक्टरांनी रिपोर्टमधल्या भलत्याच ओळीवर बोट ठेवलं. एमसीव्ही ६४. म्हणजे लाल पेशींचं सरासरी आकारमान. ते ८० च्या वर हवं. "पेशी लहान, पण संख्येने भरपूर. हे नुसत्या लोहाचं प्रकरण वाटत नाही. एचपीएलसी करून घ्या," त्या म्हणाल्या.

टेस्ट अगदी साधी. उपाशीपोटी जायला नको, थोडंसं रक्त पुरतं. मशीन त्यातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करतं आणि ग्राफवर त्यांचे डोंगर उमटतात. सर्वांत उंच डोंगर नेहमीच्या 'ए'चा. शेजारी 'ए-टू'ची छोटी टेकडी, साधारण साडेतीन टक्क्यांच्या आतली. माझी टेकडी निघाली ५.२ टक्क्यांची. निदान : बीटा थॅलेसेमिया मायनर.

मायनर म्हणजे आजार नव्हे. जनुकांच्या जोडीतलं एक बिघडलेलं, दुसरं काम सांभाळून घेणारं. मी धडधाकट होते आणि आहे. प्रश्न होता तो 'त्याचा'.

आमचं प्रेम ऑफिसातलं, पण घरच्यांनी पत्रिका पाहिलीच होती. ३६ पैकी २८ गुण! मी टेस्टचं काढल्यावर हा हसला. "माझं हिमोग्लोबिन १५ आहे, रविवारी २१ किलोमीटर पळतो मी." तरी केवळ माझ्या हट्टापायी गेला. रिपोर्टमध्ये एक अनोळखी डोंगर होता, 'एस'चा, ३६ टक्के. सिकलसेलचा वाहक. हा वाढला नागपुरात. विदर्भात, तसंच नंदुरबारकडे सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, हे त्याला ऐकून माहीत होतं. पण वाहकाची साधी रक्ततपासणी बहुतेकदा नॉर्मल येते, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

खरं सांगू? आधी आम्हाला हायसंच वाटलं. माझं वेगळं, त्याचं वेगळं, मग काळजी कसली? समुपदेशकाने तो फुगा दोन मिनिटांत फोडला. दोन्ही बिघाड एकाच जनुकातले, हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या. बाळाला माझ्याकडून एक आणि त्याच्याकडून दुसरा बिघाड मिळाला, तर सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो. वेदनांचे झटके, रक्तक्षय, हॉस्पिटलच्या वाऱ्या. शक्यता चारात एक, आणि ती प्रत्येक गरोदरपणात नव्याने.

घरी भूकंप. "पत्रिका जुळली ना, मग हे काय नवीन काढलंत?" इति आई. काकांनी तर 'अजून वेळ गेलेली नाही' असं हळूच सुचवलं. आम्ही दोघं दोन दिवस एकमेकांशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "आधी पर्याय तरी समजून घेऊ."

पर्याय आहेत. दोघांच्या जनुकांची तपासणी आधीच करून ठेवली, तर गरोदरपणाच्या साधारण ११ व्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन बाळाबद्दल कळू शकतं. आयव्हीएफ करून गर्भ आधी तपासता येतो. दत्तक घेता येतं. यातला एकही रस्ता सोपा नाही. आम्ही लग्न करतोय, जनुकांचे नमुने देऊन झालेत. पुढे काय करू, हे आज छातीठोकपणे नाही सांगता येत. पण जे ठरवू ते डोळे उघडे ठेवून.

तेव्हा मंडळी, जुना रिपोर्ट शोधा आणि एमसीव्हीची ओळ वाचा. ती नॉर्मल असली तरी लग्नाआधी, निदान बाळाचा विचार करण्याआधी, एचपीएलसी कराच. डायबेटिसची 'एचबीएवनसी' ती ही नव्हे, हे लॅबमध्ये स्पष्ट सांगा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल किंवा लोह फारच कमी असेल, तर डॉक्टरांना आधी कल्पना द्या. आकडे फसवू शकतात. आणि तुम्ही वाहक निघालात, तर सख्ख्या भावंडांनाही फोन करा.

माझ्या धाकट्या भावाला मी परवाच लॅबमध्ये पाठवलं. त्याचं अजून लग्न ठरायचंय. आमच्याकडे आता पत्रिकेआधी ग्राफ बघणार आहेत, आणि ही अट आईनेच घातली आहे!