दुकाने २४ तास, मग वाईन शॉपचे शटर साडेदहालाच का? मालवण किनाऱ्यावरचा वेळेचा आणि चोरीचा हिशेब

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. मुंबई-पुण्याहून निघालेली पर्यटकांची गाडी कसालला महामार्ग सोडून मालवणात शिरते. तारकर्लीच्या होमस्टेची खोली ठरलेली असते, जेवणही सांगून ठेवलेले असते. पण बाजारपेठेतल्या वाईन शॉपचे शटर अर्ध्या तासापूर्वीच खाली आलेले असते. मग गाडीतून प्रश्न येतो, 'सरकारने सगळी दुकाने चोवीस तास उघडी ठेवायला सांगितली ना?'

सरकारने तशी परवानगी दिली हे खरे आहे. पण त्या यादीत दारूचे दुकान नाही. ते का नाही, वेळ वाढवली तर बंद दुकाने फोडण्याचे प्रकार थांबतील का, आणि या वेळापत्रकाची खरी झळ कोणाला बसते, ते समजून घेऊ.

१ ऑक्टोबर २०२५ चा आदेश काय सांगतो?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये आला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. दुकाने रात्रंदिवस उघडी ठेवण्याची मुभा या कायद्यातच होती. तरीही काही ठिकाणी पोलीस आणि स्थानिक प्रशासन रात्री दुकाने बंद करायला लावतात, अशा तक्रारी येत होत्या. त्यामुळे राज्याच्या उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी आदेश काढून पुन्हा स्पष्ट केले की दुकाने, हॉटेले आणि इतर आस्थापना २४ तास सुरू ठेवता येतील. अट एकच. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुटी मिळाली पाहिजे.

यातून परमिट रूम, बिअर बार, डान्स बार, हुक्का पार्लर आणि वाईन शॉप वगळलेली आहेत. हा अपवाद नवा नाही. २०१७ मध्येच स्वतंत्र अधिसूचना काढून अशा ठिकाणांच्या उघडण्या-बंद होण्याच्या वेळा सरकारने आपल्या हातात ठेवल्या होत्या. त्या यादीत तेव्हा चित्रपटगृहेही होती. जानेवारी २०२० मध्ये ती यादीतून बाहेर पडली, दारूची दुकाने मात्र तिथेच राहिली.

सिंधुदुर्गात सध्याच्या वेळा काय आहेत?

दारूविक्रीच्या वेळा परवान्याच्या प्रकारावर ठरतात आणि त्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाची देखरेख असते. सिंधुदुर्गात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या उशिरापर्यंतच्या सवलती इथे लागू होत नाहीत.

• वाईन शॉप (एफएल-२ परवाना) : रात्री साडेदहापर्यंत
• परमिट रूम (एफएल-३) : रात्री साडेअकरापर्यंत
• देशी दारूचे दुकान (सीएल-३) : ग्रामीण भागात आणि लहान नगरपरिषदांच्या हद्दीत रात्री दहापर्यंत

नाताळ आणि थर्टी फर्स्टला ही वेळ वाढते. २४, २५ आणि ३१ डिसेंबरला वाईन शॉपना मध्यरात्री एकपर्यंत आणि परमिट रूमना पहाटे पाचपर्यंत सूट देण्याचा राज्यात पायंडा आहे. उलट २ ऑक्टोबरला दुकाने पूर्ण बंद असतात. निवडणुकीत मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तासही विक्री बंद असते. शांतता-सुव्यवस्थेसाठी जिल्हाधिकारी दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ नुसार दुकाने बंद ठेवण्याचा आदेश देऊ शकतात.

दुकान जास्त वेळ उघडे राहिले तर चोरी कमी होईल?

वेळ वाढवा म्हणणाऱ्यांचा हा एक युक्तिवाद असतो. आकडेमोड सोपी आहे. दुकान सकाळी दहाला उघडून रात्री साडेदहाला बंद झाले तर ते साडेबारा तास उघडे आणि साडेअकरा तास बंद असते. वर्षभरात हे बंद तास जवळपास ४,२०० होतात. तेवढा वेळ आत लाखोंचा माल आणि बाहेर फक्त एक कुलूप. मग रात्री माणूस जागा ठेवला तर चोर येणार नाही, असे वाटणे साहजिक आहे.

पण चोरी कशी होते, हे दुकानाच्या रचनेवरही अवलंबून असते. आपल्याकडच्या बहुतेक वाईन शॉपमध्ये गिऱ्हाईक काउंटरच्या बाहेर उभे राहते, अनेक ठिकाणी मध्ये लोखंडी जाळी असते. पैसे आत जातात, बाटली बाहेर येते. दुकान उघडे असताना बाटली उचलून पळण्याची संधी फार कमी असते. धोका असतो तो शटर पडल्यानंतर.

जिथे गिऱ्हाईक स्वतः आत फिरून बाटली घेते, तिथे चित्र उलटे दिसते. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात दारूची मोठी दुकाने सरकारी कंपनीची आहेत. २०१९ च्या सुमारास विनिपेग शहरात या दुकानांत भर दिवसा, दुकान सुरू असताना चोऱ्या वाढल्या. लोक पिशव्या भरून बाटल्या नेत. २० नोव्हेंबर २०१९ रोजी टिंडल पार्क भागातल्या दुकानात चोरीच्या वेळी कर्मचाऱ्यांवर हल्ला झाला. त्यानंतर कंपनीने दुकानांना बंदिस्त प्रवेशद्वारे बसवायला सुरुवात केली. आधी ओळखपत्र दाखवायचे, ते तपासले की मगच आतले दार उघडते.

विनिपेगने उपाय शोधला तो घड्याळात नाही, दारात. मालवणलाही हे लागू पडते. रात्रभर दुकान उघडे ठेवले तर कुलूप तोडणारा चोर कदाचित टळेल, पण रात्री दोन वाजता काउंटरमागे एकटा बसलेला कामगार धोक्यात येईल. म्हणजे धोका मालावरून माणसावर जाईल.

सूर्यास्तानंतरच्या चोरीला वेगळी शिक्षा

चोरीच्या कायद्यातही घड्याळाला महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३३१ नुसार चोरी करण्यासाठी कुलूप किंवा शटर तोडून आत शिरल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तेच सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत केले तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. 'घरफोडी' या शब्दात फक्त राहते घर येत नाही. माल सांभाळून ठेवण्याची जागा, म्हणजे दुकान किंवा गोदामही त्यात येते. अशा इमारतीतल्या चोरीला कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

डिसेंबरमध्ये मालवणात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे दुकान उघडे असतानाच कायद्याची 'रात्र' सुरू झालेली असते.

बातम्यांत नेहमी गोंधळ होणारे काही शब्द इथेच पाहू. कुणाला इजा न करता, न धमकावता माल नेला तर ती चोरी. मारहाण करून किंवा धाक दाखवून नेला तर जबरी चोरी. हेच काम पाच किंवा अधिक जणांनी मिळून केले तरच तो दरोडा. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ती सूर्यास्तानंतर महामार्गावर झाली तर चौदा वर्षांपर्यंत.

साध्या चोरीसाठी नव्या कायद्यात एक सवलतही आहे. चोरीचा ऐवज पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा दिली जाते. दारूच्या बाबतीत ही मर्यादा लवकर ओलांडली जाते. जून २०२५ मधील करवाढीच्या निर्णयानंतर विदेशी मद्याच्या १८० मिलिलिटर बाटलीची किमान किंमत २०५ रुपये ठरली. एका खोक्यात अशा ४८ बाटल्या येतात. म्हणजे सर्वांत स्वस्त मालाचे एक खोकेही ९,८४० रुपयांचे.

सर्वांत नाजूक अर्धा तास

चोरीची चर्चा झाली की सगळे लक्ष शटरकडे जाते. पण साडेदहा ते अकरा या अर्ध्या तासाबद्दल फारसे कुणी बोलत नाही. याच वेळात गल्ला मोजला जातो, साठ्याचा मेळ लावला जातो, दिवे मालवले जातात आणि कुणीतरी रोकड घेऊन दुचाकीवर घराकडे निघतो. बाजारपेठ तोवर झोपलेली असते. बंद होण्याची वेळ ठरलेली असल्याने हा माणूस केव्हा निघणार, हेही सगळ्यांना ठाऊक असते.

यूपीआयमुळे गल्ल्यातली रोकड कमी झाली असली तरी संपलेली नाही. त्यात पर्यटनाच्या गावांची अडचण वेगळी. इथे विक्रीची गर्दी शनिवार-रविवारी आणि जोडून आलेल्या सुट्यांत होते, आणि नेमक्या त्याच दिवशी बँका बंद असतात. दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी जमलेली रोकड थेट सोमवारी बँकेत जाते. तोवर ती दुकानात ठेवली तर घरफोडीची भीती, घरी नेली तर रस्त्यातल्या जबरी चोरीची.

शटर साडेदहाला पडो की एकला, हा अर्धा तास टळत नाही. उशिरा बंद केले तर तो फक्त आणखी निर्मनुष्य वेळेत सरकतो. ३१ डिसेंबरला रात्री एकला दुकान बंद करणाऱ्या कामगाराला हे सांगावे लागत नाही. त्यामुळे वेळ वाढवण्याची मागणी करताना त्या रात्री पोलीस गस्त किती असेल आणि कामगार घरी कसा जाईल, हेही विचारले गेले पाहिजे.

दुकाने लवकर बंद झाली तर?

उलट बाजूचा अनुभवही आहे. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने १ मार्च २०१० पासून रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत दुकानांतून दारू विकायला बंदी घातली. यान मार्कुस आणि थॉमस सीडलर या संशोधकांच्या २०१५ मधील अभ्यासानुसार, दारूमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या तरुणांचे प्रमाण त्यानंतर सुमारे सात टक्क्यांनी घटले. पण २०१७ च्या अखेरीस ही बंदी उठवण्यात आली. रात्रीची विक्री रोखल्याचा आरोग्याला फायदा होतो, पण तो निर्णय टिकवणे सोपे नसते, असे हे उदाहरण सांगते.

दुकाने दीर्घकाळ बंद राहिली की काय होते, ते २०२० च्या टाळेबंदीत दिसले. मार्चअखेर बंद झालेली दुकाने ४ मेपासून टप्प्याटप्प्याने उघडू लागली. मधल्या काळात देशाच्या अनेक भागांतून बंद दारू दुकाने फोडल्याच्या बातम्या आल्या. दुकाने उघडताच मुंबईत एवढी गर्दी झाली की दोनच दिवसांत ती पुन्हा बंद करावी लागली. त्यानंतर राज्याने घरपोच विक्रीला परवानगी दिली.

सिंधुदुर्गात आणखी एक वाट कायम खुली असते, ती गोव्याची. शटर पडल्यावर 'मिळेल काय?' असे विचारणाऱ्याला कुणीतरी गोवा बनावटीची बाटली काढून देतो. ती महाराष्ट्रात विकणे बेकायदा आहे, म्हणून तर बांदा-इन्सुली परिसरात तपासणी चालते. महाराष्ट्रात दर वाढले की दोन राज्यांतल्या किमतीचा फरक वाढतो आणि या धंद्याला बळ मिळते. होमस्टे चालवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. पाहुण्यांची सोय म्हणून बाटल्या साठवून विकणे हा विनापरवाना विक्रीचा गुन्हा ठरतो. चोरीच्या बाटल्यांनाही गिऱ्हाईक मिळते ते याच आडवाटेच्या विक्रीत.

चोरी झाली तर दुकानदाराने काय करावे?

• शटर तुटलेले दिसताच आत जाऊ नये, कशालाही हात लावू नये. ११२ वर फोन करावा. ठसे आणि खुणा तशाच राहणे तपासासाठी महत्त्वाचे असते.
• पोलिसांबरोबर राज्य उत्पादन शुल्क विभागालाही लगेच कळवावे. नोंदवहीतला साठा आणि दुकानातला साठा यात तफावत आढळली, तर तिचे उत्तर परवानाधारकालाच द्यावे लागते.
• तक्रार ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते.
• गेलेल्या मालाची यादी ब्रँड, आकार आणि बॅच क्रमांकासह द्यावी. 'अंदाजे वीस खोकी' एवढ्यावर माल ओळखता येत नाही.
• सीसीटीव्हीचा रेकॉर्डर काउंटरखाली ठेवू नये. चोर तोच काढून नेतात. चित्रण दुसरीकडेही साठवावे.
• विम्यासाठी जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा, एफआयआर आणि साठ्याची नोंदवही लागते. नोंदवही अपुरी असेल तर दावा अडकतो.

गावाला विचारते कोण?

वेळेच्या या वादात पर्यटक, दुकानदार आणि सरकार बोलतात. दुकानाशेजारी राहणारे बहुतेक गप्प असतात. त्यांच्या हाती कायद्याने एक मोठे हत्यार दिले आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर गुप्त मतदान घेता येते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडव्या बाटली'ला मत दिले तर दुकान बंद होते. पण हा निर्णय चालू किंवा बंद एवढाच आहे. 'दुकान राहू दे, पण नऊला बंद करा' असे सांगण्याची सोय त्या मतपत्रिकेत नाही.

म्हणून वेळ वाढवण्याचा किंवा कमी करण्याचा पुढचा निर्णय होईल तेव्हा मालवणकरांनी दुकान किती वाजता बंद होणार यापुढचे प्रश्नही विचारायला हवेत. बंद झाल्यावर रस्त्यावर कोण असेल, गल्ला कुठे जाईल, आणि शटर ओढून घरी निघालेल्या कामगाराच्या वाटेवर दिवे चालू असतील का?