जुन्या संगणकासाठी कोणते लिनक्स?

ठाणे, प्रतिनिधी : मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. परिणामी ठाणे, डोंबिवली, कल्याण परिसरात मुलांच्या शिक्षणासाठी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले, अद्याप धडधाकट असलेले संगणक कालबाह्य ठरले आहेत. ते भंगारात काढण्यापूर्वी लिनक्सचा पर्याय जरूर तपासावा. तो मोफत आहे. अडचण आहे ती निवडीची.

लिनक्स हा वास्तविक केवळ गाभा. लायनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये जाहीर केला. त्याभोवती आवश्यक ती सॉफ्टवेअर जमवून जो संच तयार होतो, त्याला डिस्ट्रिब्युशन किंवा 'डिस्ट्रो' म्हणतात. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही त्यांतील परिचित नावे. पडद्यावरील पट्टी, मेन्यू, खिडक्या यांची मांडणी ज्यामुळे ठरते, ते डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. नवखे लोक डिस्ट्रोच्या नावांवरच वाद घालतात. रोजचा संबंध मात्र डेस्कटॉपशी येतो.

तेव्हा आधी रॅम पाहावी. ती ४ जीबी किंवा त्याहून कमी असेल, तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप बरे. ८ जीबी असल्यास सिनॅमन अथवा केडीई प्लाझ्मा सुखाने चालतात. दोहोंची ठेवण विंडोजसारखी असल्याने घरातील ज्येष्ठांनाही चाचपडावे लागत नाही. उबुंटूसोबत येणारा जीनोम देखणा खरा. पण विंडोजची सवय मुरलेल्यांना तो प्रारंभी परका वाटतो.

डिस्ट्रो निवडताना लोकप्रियतेला महत्त्व द्यावे, असे आमचे मत आहे. स्टेशनलगतच्या दुरुस्ती दुकानात लिनक्सचा जाणकार भेटेलच असे नाही; अशा वेळी ज्याचे वापरकर्ते अधिक, त्याची उत्तरे इंटरनेटवर लवकर सापडतात. या कसोटीवर पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी मिंट सोयीचे. ते सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई अशा तिन्ही रूपांत मिळते. ३२ बिट प्रोसेसरचा अगदीच जुना संगणक असेल, तर पर्याय फार उरत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३नेही अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले.

मराठीची चिंता नको. युनिकोड देवनागरी फॉन्ट आणि इन्स्क्रिप्ट कळफलक यांची सोय बहुतेक डिस्ट्रोंत आहे. पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पात लिनक्स व लिब्रेऑफिसचे धडे मराठीतूनही आहेत. तथापि युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या फाइली त्या फॉन्टशिवाय अगम्य दिसतात. टॅलीवर हिशेब ठेवणारे दुकानदार आणि कोरलड्रॉवर लग्नपत्रिका रचणारे छापखाने यांनी तर घाई करूच नये. ही दोन्ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी उपलब्ध नाहीत.

इतरांनी निर्णयापूर्वी निवडलेली डिस्ट्रो पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक सुरू करावा. हार्डडिस्कला हात न लावता ती चालविता येते, फक्त वेग थोडा कमी भासतो. वाय-फाय, प्रिंटर, आवाज आणि मराठी टंकलेखन त्यात तपासावे. सारे जमले, तरच छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून इन्स्टॉलेशनला बसावे.