हळदीच्या सौद्यामागचे पाणी

शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनासाठी जाणाऱ्या कुटुंबांना औंढा-वसमत परिसरातील रुंद पानांची हळदीची शेते परिचित असतात. उन्हाळ्यात हीच हळद हिंगोली व वसमतच्या बाजारात येते. जूनमध्ये लागवड, शेतात आठ-नऊ महिने, मग काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश आणि शेवटी सौदा, असा तिचा लांबचा प्रवास आहे. सोयाबीनप्रमाणे तिला पावसाच्या हवाली करता येत नाही. ऑक्टोबरनंतर ती विहिरीच्या, बोअरच्या किंवा कालव्याच्या पाण्यावर जगते. त्यामुळे आडत्या शेतकऱ्याला जी उचल देतो, तिचे खरे तारण भूजल असते. आडत दुकानाच्या खतावणीत मात्र त्याचे खाते नसते.

पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांचा लाभ वसमतकडील भागाला मिळतो. पैनगंगेवरील ईसापूर धरण कळमनुरीजवळ असले, तरी त्याच्या पाण्याचा मोठा वाटा पुढे नांदेडकडे जातो. सेनगाव, हिंगोलीकडील उंच रानांना विहिरींचाच आधार. खाली काळा पाषाण, त्यात पाणी साठते थोडे आणि उपसले जाते लवकर.

अशा कोरडवाहू प्रदेशासाठी 2018 मध्ये जागतिक बँकेने 42 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि राज्यातील पंधरा जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावांत हवामान-अनुकूल शेतीचा प्रकल्प सुरू झाला. हिंगोली त्या पंधरांत आहे. प्रकल्पाला नाव दिले गेले नानाजी देशमुख यांचे. 1916 साली याच जिल्ह्यातील कडोळी गावी त्यांचा जन्म झाला, हा योग हिंगोलीकरांना सुखावणारा आहे. मात्र ही देणगी नाही, फेडावयाचे कर्ज आहे, हे अनुदानाच्या चर्चेत बहुधा विसरले जाते.

ठिबक, शेततळे, शेडनेट यांचे अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते, म्हणून गावोगावी त्यांचीच चर्चा अधिक. प्रकल्पातील सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे गावाचा पाण्याचा ताळेबंद. आयआयटी मुंबईच्या साहाय्याने त्याची पद्धत बसवली गेली. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या गावात आठशे मिलिमीटर पाऊस पडला, तर जमेची बाजू आठशे कोटी लिटरची होते. रक्कम डोळे दिपवणारी! परंतु त्यातून बाष्पीभवन, पिकांनी घेतलेला ओलावा आणि नाल्याने वाहून गेलेले पाणी वजा केले, की हाती उरते ते फार थोडे. त्या शिलकेत पिण्याचे पाणी, जनावरे आणि रब्बी बसवायची.

हिशेबाशिवाय केलेली सोयही अंगाशी येते. शेततळे हे वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्यासाठी असते. प्लॅस्टिकचे अस्तर घालून ते विहिरीच्या पाण्याने भरले, तर गावाच्या सामाईक खात्यातील रक्कम एकाच्या तिजोरीत गेली, एवढाच त्याचा अर्थ. वर उन्हाने त्या उघड्या पाण्याची वाफ होते, ती हानी निराळी. ठिबकचेही तसेच. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर हळद वाढवली, तर उपसा होता तेवढाच राहतो. अस्तराचे प्लॅस्टिक, पाइप आणि मोटारी विकणारी दुकाने बहुतांशी व्यापारी कुटुंबांचीच आहेत. विक्री वाढली म्हणून समाधान मानणाऱ्या दुकानदाराने त्याच गावातील आपली उधारीही एकदा पाहावी.

दिगंबर घरांतील वृद्धांना एक रीत अजून आठवते. पाणी गाळल्यावर उरलेली जीवाणी कडीच्या बादलीने त्याच विहिरीत अलगद सोडली जाई. पाण्यालाच अप्काय जीव मानणाऱ्या परंपरेत पाण्याचा हिशेब ही परकी कल्पना नव्हे. नळ आल्यावर विहीर नजरेआड झाली, आणि तिच्यासोबत पाण्याची पातळी रोज पाहण्याची सवयही गेली.

2023 चा ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ठरला. त्याच काळात हळदीचे भाव झपाट्याने चढले. ज्यांच्याकडे जुना माल होता, त्यांचे साधले. शेतात उभ्या पिकाला पाणी कोठून द्यावे, ही चिंता ज्यांना होती, त्यांच्यासाठी तो भाव वर्तमानपत्रातच राहिला.

गावाचा पाण्याचा ताळेबंद पावसाळा सरल्यावर, रब्बीच्या पेरणीआधी मांडावयाचा असतो. वीरनिर्वाण संवताच्या आरंभी नव्या वह्यांचे पूजन होते, तेही याच सुमारास. उचल देण्यापूर्वी आडत्याने शेतकऱ्याची मागील बाकी पाहावी, तसा त्याच्या गावाचा ताळेबंदही ग्रामपंचायतीत जाऊन पाहावा. त्यासाठी शुल्क नाही, अर्ज नाही. अर्ध्या दिवसाचा प्रवास मात्र करावा लागेल.