रक्ताला हुकूम हवा, तोही मापात

अंगात रक्त कमी आहे, डाळिंब खा, हा सल्ला सांगोल्यात तरी परका नाही. तालुका डाळिंबासाठीच ओळखला जातो. फळ चांगलंच, पण 100 ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम. आणि मुळात रक्त नुसता माल ओतून वाढत नाही. अस्थिमज्जेत सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी तयार होतात. किती हव्यात, ते मात्र मूत्रपिंड ठरवतं. तिथे प्राणवायू कमी पडला की एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सुटतं, हाच तो हुकूम. तो द्यायला त्याला मज्जेतल्या कोवळ्या पेशीत शिरावंसुद्धा लागत नाही. पेशीच्या आवरणातल्या रिसेप्टरचे दोन भाग ते धरतं, तशी आतून चिकटलेली जॅक-2 ही विकरं एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि मग रिसेप्टरच्या शेपटीवरही. त्या खुणेवर स्टॅट-5 हे प्रथिन येऊन बसतं, स्वतः फॉस्फेट घेतं, जोडीने केंद्रकात जातं आणि पेशीला मरू न देणारी जनुकं चालू करतं. हुकूम न मिळालेल्या कोवळ्या पेशी मरून जातात. म्हणूनच मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला नुसतं लोह सहसा पुरत नाही, अनेकदा एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन द्यावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, लोहच नसेल तर हुकूम काय कामाचा? खरंच आहे, आणि रक्त कमी असण्यामागे लोहाची कमतरता हे एक मोठं कारण. तसं असेल तर लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. पण जुनाट दाहात इंटरल्युकिन-6 हे संकेत देणारं प्रथिन (सायटोकाइन) यकृताला हेप्सिडिन हे संप्रेरक बनवायला लावतं आणि साठ्यातलं लोह कोंडून पडतं. म्हणजे मालाच्या कुलपाची किल्लीही संकेताकडेच.

मग संकेत जितका जास्त तितकं बरं? नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या वैजयंती काळे यांनी 2004 मध्ये दाखवलं, की टीजीएफ-बीटा-1 हे संकेत देणारं प्रथिन अगदी थोडं दिलं तर रक्तपेशींची वाढ होते आणि जास्त दिलं तर तीच खुंटते. रेणू एकच, पण थोड्या मात्रेने पेशीत पी-44/42 हा संकेतमार्ग जागा होतो, मोठ्या मात्रेने पी-38. हे प्रयोग काचपात्रातले. शरीरात शेजारच्या पेशीही बोलत असतात, तेव्हा जसंच्या तसं लागू करता येणार नाही. तरी मात्रेने अर्थ उलटतो, एवढं त्यातून पक्कं कळतं.

हुकूम थांबवणंही तितकंच मोलाचं. 1964 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवणारा फिनलंडचा स्कीपटू एरो मँतिरांता याच्या एरिथ्रोपोएटिन-रिसेप्टरची शेपटी जन्मतःच आखूड होती. संकेत विझवणारं प्रथिन त्या शेपटीवर बसतं. तीच तुटल्याने त्याचं हिमोग्लोबिन कायम चढं. त्याला ते मानवलं. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात मात्र बहुतेकदा जॅक-2 मधलं एक अमिनो आम्ल बदलतं (हा बदल 2005 मध्ये सापडला), विकर हुकमाविनाच चालू राहतं, रक्त दाटतं आणि गुठळ्यांचा धोका वाढतो. जॅकला आवरणारं रुक्सोलिटिनिब आता काही रुग्णांना देतात, पण निरोगी पेशीही त्याच जॅक-2 मार्फत ऐकतात. त्यामुळे या औषधाने रक्त कमी होणं नेहमीचंच, आणि डॉक्टर वारंवार रक्त तपासून डोस बदलत राहतात.