लॅपटॉपचे डॉकिंग स्टेशन सारखे डिस्कनेक्ट होते? दोष डॉकचा, केबलचा की घरातल्या विजेचा, असे ओळखा

शेगाव : नोकरी पुण्या-मुंबईच्या कंपनीत आणि महिन्यातले काही दिवस काम शेगावच्या घरून, हे चित्र आता नवे राहिलेले नाही. श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून ज्या गावात आहे, तिथे घरोघरी एखादा इंजिनीअर सापडतोच. घरून काम करणाऱ्यांच्या टेबलावर मोठा मॉनिटर, कीबोर्ड, माउस, लॅन केबल आणि हे सगळे एकाच वायरने लॅपटॉपला जोडणारे डॉकिंग स्टेशन दिसते.

तक्रारही बहुतेकांची एकच. मीटिंग ऐन भरात असताना मॉनिटर काळा होतो, माउस थिजतो आणि दोन-तीन सेकंदांनी सगळे परत सुरू होते. महिन्यातून एकदा झाले तर कोणी लक्ष देत नाही. पण ऑनलाइन मुलाखतीत किंवा परीक्षेत झाले तर नुकसान मोठे असते. ‘डॉक खराब झाले’ असे म्हणून काही हजार रुपयांचे नवे डॉक मागवले जाते आणि अनेकदा तीच तक्रार नव्या डॉकवरही कायम राहते. असे का होते?

डॉक नेमके काय करते?

यूएसबी-सी पोर्टमध्ये २४ पिना असतात. त्याच एका वायरमधून चार्जिंगची वीज, मॉनिटरचे चित्र आणि बाकी उपकरणांचा डेटा असे तिन्ही प्रवास एकत्र होतात. वायर जोडताच लॅपटॉप आणि डॉक आधी आपसात ‘बोलणी’ करतात : किती व्होल्ट, किती अँपिअर, चित्रासाठी किती मार्गिका. ही बोलणी कोणत्याही कारणाने मोडली की सगळे काही क्षण तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून जोडले जाते. म्हणजे डिस्कनेक्ट होणे हे लक्षण आहे. त्याचे कारण साखळीतल्या कोणत्याही कडीत असू शकते.

कधी तुटते, याची नोंद ठेवा

दुरुस्तीची सुरुवात पेचकसाने नव्हे, वहीने करावी. तीन दिवस प्रत्येक वेळी किती वाजले आणि त्या क्षणी घरात काय घडले, एवढेच लिहावे.

• दिवे लुकलुकले किंवा वीज गेली-आली : डॉकचा वीजपुरवठा तपासा.
• कूलर, मिक्सर किंवा पाण्याची मोटर सुरू-बंद झाली : सॉकेट आणि अर्थिंग तपासा.
• वायरीला हात लागला, लॅपटॉप हलला : केबल किंवा पोर्ट.
• हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडला : वीज कमी पडते आहे.
• लॅपटॉप झोपेतून उठला : विंडोजच्या सेटिंग्ज.
• फक्त दुपारी, तासभर काम झाल्यावर : उष्णता.

लॅपटॉपला बॅटरी असते, डॉकला नाही

वीज क्षणभर गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. डॉकमध्ये मात्र बॅटरी नसते. आपल्याकडील पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, म्हणजे विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. साध्या अडॅप्टरमध्ये साठलेली वीज साधारण तेवढाच वेळ पुरते. खंड त्याहून लांबला की डॉक बंद पडून पुन्हा सुरू होते.

घरात इन्व्हर्टर असूनही हे घडते, कारण मेन लाइनवरून बॅटरीवर जाण्यात थोडा वेळ जातो. अनेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चे बटण असते. त्या मोडमध्ये हा बदल लवकर होतो. डॉक आणि मॉनिटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊन हे बटण यूपीएसवर ठेवल्यास फरक पडतो का, ते पाहावे. तरीही त्रास राहिला तर डॉक, मॉनिटर आणि राउटर यांच्यासाठी संगणकाचा छोटा यूपीएस पुरतो. स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो, पण वीज गेल्यावरचा खंड भरून काढत नाही.

कूलर सुरू केला की स्क्रीन काळी?

विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलर दिवसभर चालतो. त्याची मोटर किंवा पंप बंद-चालू होताना विजेच्या लाइनवर क्षणिक झटका येतो आणि चित्र वाहून नेणाऱ्या केबलमध्ये गडबड होते. डॉक आणि कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर आधी ते वेगळे करावेत. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत अडकवला असेल तर अर्थिंग मिळत नाही. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

सगळ्या यूएसबी-सी केबल सारख्या नसतात

मोबाइलच्या चार्जरसोबत येणारी यूएसबी-सी केबल बहुधा ४८० मेगाबिट वेगाचीच असते. ४के मॉनिटरला सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर कॉम्प्रेशनविना सुमारे १२ गिगाबिट माहिती लागते, फुल एचडीला सुमारे ३ गिगाबिट. बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात. ६० वॉटपेक्षा जास्त वीज नेणाऱ्या केबलमध्ये स्वतंत्र ओळख-चिप असावी लागते.

याची सोपी चाचणी आहे. मॉनिटरचे रिझोल्यूशन काही तासांसाठी फुल एचडीवर आणावे. तुटणे थांबले तर संशय यूएसबी-सी किंवा एचडीएमआय केबलवर जातो. शक्यतो डॉकसोबत आलेलीच आखूड केबल वापरावी. पोर्टमध्ये धूळ-कापूस साचला असेल तर लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढावा. टाचणी घालू नये.

वॉटचे गणित

चार्जर थेट न जोडता छोट्या हबमधून जोडला की हब स्वतःसाठी १० ते १५ वॉट राखून ठेवते. म्हणजे ६५ वॉटच्या चार्जरमधून लॅपटॉपला ५० वॉटच मिळतात. हबला चार्जर जोडलेलाच नसेल तर सगळी उपकरणे लॅपटॉपच्या एका पोर्टवर जगतात. अशा वेळी बाहेरची हार्ड डिस्क जोडताच बाकीचे तुटते. हार्ड डिस्क थेट लॅपटॉपला लावून पाहावी.

फक्त वायफाय किंवा वायरलेस माउस अडखळत असेल तर प्रकरण वेगळे आहे. यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात अडथळा येतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. माउसचा रिसीव्हर डॉकपासून दूर लावावा आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्यावे.

उष्णता आणि सेटिंग्ज

अनेक डॉकच्या माहितीपत्रकात वापराचे कमाल तापमान ३५ ते ४० अंश सेल्सिअस दिलेले असते. मे महिन्यात खोलीचे तापमानच तिथे पोहोचते. डॉक लॅपटॉपखाली किंवा पुस्तकांमध्ये दाबून ठेवू नये. कूलरची हवा खोलीत येऊ द्यावी, पण ओलसर झोत थेट यंत्रावर नको.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाकावी. पॉवर ऑप्शन्समधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करून पाहावे. त्यानंतर लॅपटॉपचे बायोस, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि डॉकचे फर्मवेअर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून अद्ययावत करावे. फर्मवेअर बसत असताना वीज गेली तर डॉक कायमचे निकामी होऊ शकते. त्यामुळे हे काम यूपीएसवरच करावे. कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर आधी आयटी विभागाला विचारावे.

एका वेळी एकच बदल

केबल, सॉकेट आणि सेटिंग्ज एकाच दिवशी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी सगळे काढून फक्त मॉनिटर जोडावा आणि अर्धा दिवस काम करावे. मग कीबोर्ड, लॅन, हार्ड डिस्क असे एकेक वाढवावे. शेवटी तेच डॉक दुसऱ्या लॅपटॉपला लावावे. तिथेही तुटले तर दोष डॉक किंवा त्याच्या अडॅप्टरचा असण्याची शक्यता मोठी. नाही तुटले तर लॅपटॉपचा पोर्ट किंवा ड्रायव्हर पाहावा.

दोष डॉकचाच निघाला तर?

वॉरंटीत असल्यास बिल, तुटण्याच्या वेळांची वही आणि मोबाइलवर काढलेला व्हिडिओ विक्रेत्याला पाठवावा. ‘आमच्याकडे चालते’ या उत्तराला हीच नोंद उपयोगी पडते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. वस्तू ऑनलाइन मागवलेली असली आणि विक्रेता दुसऱ्या राज्यातला असला, तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. शेगावच्या ग्राहकाला त्यासाठी विक्रेत्याच्या शहरात जावे लागत नाही, बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.