फेस आला म्हणजे पाणी चांगलं?

पेणला एका नातेवाइकांकडे बसलो होतो, तेव्हा पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकणारा एक तरुण आला. त्याने खिशातून बोटभर लांबीचं मीटर काढलं, नळाच्या पाण्यात बुडवलं, आकडा वाचला आणि जरा हिरमुसला. आकडा फारच कमी होता. तरी धीर न सोडता तो म्हणाला, "काकू, उन्हाळ्यात बघा, वाढतो." काकूंनी मला विचारलं, "म्हणजे आपलं पाणी चांगलं की वाईट?"

त्या मीटरला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते, त्यावरून ते विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतं. त्याला जंतू दिसत नाहीत, गटाराची गळती कळत नाही. आणि क्षारांचाच प्रश्न असेल, तर मीटरची गरजही नाही. पेणचं, रोह्याचं आणि पुण्यातल्या एका बोअरवेलचं पाणी मी तीन बाटल्यांत घेतलं, प्रत्येकीत साबणाच्या पाण्याचे मोजून तेवढेच थेंब टाकले आणि हलवलं. पहिल्या दोन बाटल्या फेसाने भरल्या. तिसरीत नुसता पांढुरका साका. शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन' असा भारदस्त शब्द होता. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात, त्याचा साका होतो आणि फेस उरत नाही. डाळ शिजायला वेळ लागतो, तोही त्यांच्यामुळेच.

इकडचं पाणी मऊ का, याचं कारण पावसात आहे. सह्याद्रीवर पडलेलं पाणी काळ्या कातळावरून काही तासांत ओढ्याला लागतं; दगडातला कॅल्शियम सोडवून घ्यायला त्याला सवडच मिळत नाही. बोअरवेलचं पाणी त्याच कातळाच्या फटींत वर्षानुवर्षं मुरतं, म्हणून जड होतं. रोह्याची गंमत आणखी वेगळी. कुंडलिकेला बारमाही पाणी मिळतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून. हे केंद्र 1927 मध्ये सुरू झालं, आणि त्याचं पाणी येतं घाटावरच्या मुळशी धरणातून. म्हणजे ज्या मुळेचं पाणी भीमेतून पूर्वेच्या समुद्राला जायचं, ते बोगद्यांतून, नळांतून कोकणात उतरवलं आहे. ज्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तेच हे धरण. रोह्यातल्या किती घरांत नळ सोडताना ही आठवण निघते, कोण जाणे.

भारतीय मानकानुसार काठिण्य लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर काठिण्यासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही. जड पाणी गीझर खराब करतं, केस राठ करतं, पण माणसाला सहसा आजारी पाडत नाही. आजारी पाडतं ते मऊ, गोड, नितळ दिसणारं पाणीसुद्धा. आणि ते तसं दिसतं म्हणूनच आपण गाफील राहतो.

नळाला पाणी ठरावीक वेळ येतं, तिथे धोका उरलेल्या तासांत असतो. वाहिनी रिकामी होताना आतला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गटार जात असेल, तर काय ओढलं जाईल हे सांगायला नको. म्हणून शुद्धीकरण केंद्रावर पाणी किती स्वच्छ होतं यापेक्षा शेवटच्या नळाला क्लोरीन उरतो का, हे महत्त्वाचं. मानक सांगतं, लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरला पाहिजे. गावोगावचे जलसुरक्षक ओटी टेस्ट करतात ती यासाठीच: नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. (ते पाणी नंतर ओतून द्यायचं, प्यायचं नाही.) पावसाळ्यात पाणी गढूळ येतं, तेव्हा क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो, म्हणून आधी तुरटी, निवळ, मग टीसीएल. हा क्रम उलटा केला की पावडर फुकट जाते.

रोह्याला दुसरीही एक काळजी आहे. तिथल्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिका पहिल्या, म्हणजे सर्वांत गंभीर गटात होती. नदी एकच, पण पाणी कारखान्यांच्या वर उचललं की खाली, यावर सगळं ठरतं. उकळल्याने जंतू मरतात. कारखान्याची रसायनं मात्र बहुतेक तशीच राहतात.

पेण शहरातून पश्चिमेला खाडीकडे उतरलं की खारेपाट लागतो आणि मऊ पाण्याची गोष्ट संपते. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 19 ग्रॅम क्लोराइड असतं. शंभर लिटर गोड्या पाण्यात दोनच लिटर समुद्राचं पाणी मिसळलं, तर क्लोराइड लिटरला 380 मिलिग्रॅमच्या आसपास जातं. इष्ट मर्यादा आहे 250. विहीर खणली तरी तेच, बोअर मारली तरी तेच. उकळून खारटपणा जात नाही, उलट पाणी आटतं तसा वाढतो. त्या विक्रेत्याचं यंत्र खरं तर इथे उपयोगी पडलं असतं, पण वाशी, शिर्की, वढावच्या बाजूला उन्हाळ्यात प्रश्न पाणी शुद्ध करण्याचा नसतो, ते मिळण्याचा असतो.

हेटवणे धरण याच तालुक्यात आहे. त्याचं पाणी मोठ्या जलवाहिनीतून नवी मुंबईकडे जातं. खारेपाटातल्या बायका टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावतात, आणि मिळालेलं पाणी पिण्याचं वेगळं, भांड्यांचं वेगळं असं वाटून ठेवतात. त्यांच्यापैकी एकीला मी विचारलं, पाणी जड आहे का? ती म्हणाली, "डोक्यावर घेतलं की सगळंच जड."