सर्व्हायव्हल चाकू
सर्व्हायव्हल चाकू हा रानावनात आणीबाणीच्या प्रसंगी दोर कापणे, लाकूड फोडणे, निवारा उभारणे अशा विविध कामांसाठी वापरला जाणारा चाकू होय. तेथे मोडलेला चाकू बदलता येत नसल्याने निवडीत मजबुतीला प्राधान्य असते. इ.स. १९८२ मधील 'फर्स्ट ब्लड' या चित्रपटानंतर पोकळ मुठीचे चाकू लोकप्रिय झाले. अशा मुठीत आगकाड्यांसारख्या लहान वस्तू मावतात; मात्र स्वस्त चाकूंचे पाते जोडापाशी मोडण्याचा धोका असतो. म्हणून मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेले पाते श्रेयस्कर मानले जाते. १० ते १५ सेंमी लांबीचे पाते बहुतेक कामांना पुरते. कार्बन पोलादाला धार सहज लावता येते, परंतु ते लवकर गंजते. दमट हवेत स्टेनलेस स्टील सोयीचे ठरते.